"आवाज जरा खाली आण" : पट्टी आणि अधिकार यांचा खरंच काही संबंध असतो का?

मुक्तछंदी | सोमवार, रात्री १०.१४

वार्षिक मूल्यमापन झालं. साहेबांनी कामाचं कौतुक केलं, आकड्यांचं केलं, टीम टिकवून धरल्याचंही केलं. सगळं आटोपल्यावर फाईल मिटता मिटता म्हणाले, "एकच सुचवू? बोलताना आवाज जरा खाली आण. तू बोलतेस तेव्हा अधिकार जाणवत नाही."

मी "हो, नक्की" म्हटलं. तेही वरच्याच पट्टीत. माझं मलाच ऐकू आलं.

या कामात मला ११ वर्षं झाली, त्यातली ४ टीमप्रमुख म्हणून. इतके दिवस आवाज हा माझ्या डोक्यात विषयच नव्हता. आता बैठकीत तोंड उघडण्याआधी घसा खाकरते आणि त्या नादात काय बोलायचं होतं तेच विसरते. काल फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकलं. ही बाई कोण, असं झालं. वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेलं भाषण धडाधड म्हणून टाकणारी सातवीतली मुलगी वाटली.

तर प्रश्न असे. पट्टीचा आणि लोकांना वाटणाऱ्या नेतृत्वाचा खरंच संबंध आहे, की ही एका माणसाची आवड? संबंध असेल तर आवाज बदलता येतो का? आणि येत असला तरी बदलावा का? या तिसऱ्यावर मी दोन्ही बाजूंनी भांडून दमले, म्हणून इथे आले.

तिरकस | सोमवार, रात्री १०.३१

साहेबांचा स्वतःचा आवाज कसा आहे?

मुक्तछंदी | सोमवार, रात्री १०.३३

भारदस्त. बैठक संपल्यावर ते काय बोलले हे कुणाला आठवत नाही, पण भारदस्त.

अर्धविराम | सोमवार, रात्री ११.२०

वाईट बातमी आधी सांगून मोकळा होतो. साहेब एकटे नाहीत.

२०१२ साली केसी क्लॉफस्टॅड, रिंडी अँडरसन आणि सुझन पीटर्स यांनी एक साधा प्रयोग केला. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या आवाजात 'मला मत द्या' अशा अर्थाचं एकच वाक्य रेकॉर्ड केलं. मग संगणकावर प्रत्येक आवाजाची एक प्रत थोडी चढवली, एक थोडी उतरवली. माणूस तोच, शब्द तेच, फरक फक्त पट्टीचा. ऐकणाऱ्यांना विचारलं, यातल्या कोणाला मत द्याल? उतरवलेला आवाज जिंकला. पुरुषांचा जिंकला आणि बायकांचाही जिंकला. त्याच वर्षी यातल्या दोघांनी पुढचं पाऊल टाकलं: पद शाळेच्या मंडळाचं किंवा पालक-शिक्षक संघाचं असेल, म्हणजे जिथे बायका जास्त असतात असं, तर तिथे तरी उंच आवाज चालतो का? तिथेही नाही चालला.

आता पैशाची गोष्ट. २०१३ मध्ये विल्यम मेयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या ७९२ पुरुष सीईओंचे आवाज मोजले. आवाज सुमारे २२ हर्ट्झने (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) खाली असला की माणूस सरासरी ४४ कोटी डॉलरने मोठी कंपनी चालवत होता आणि त्याचा वर्षाचा मोबदला १ लाख ८७ हजार डॉलरने जास्त होता.

पण हुरळून जाऊ नका किंवा खचूही नका. त्या ७९२ मध्ये एकही बाई नाही. आणि खर्जातला माणूस कंपनी जास्त चांगली चालवतो, की त्याला निवडणाऱ्यांचे कान खर्जाला भुलतात, हे या आकड्यांवरून कळत नाही. क्लॉफस्टॅड आणि अँडरसन यांनीच २०१८ मध्ये हे तपासायचा प्रयत्न केला. पट्टीवरून कोण निवडून येईल याचा अंदाज लागतो, पण पट्टीवरून नेतृत्वाची कुवत कळत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे साहेबांना जे जाणवत नाही ते त्यांच्या कानांना जाणवत नाही. तुमच्यात ते नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

तिरकस | सोमवार, रात्री ११.२६

१,८७,००० भागिले २२. हर्ट्झमागे साधारण साडेआठ हजार डॉलर. उद्यापासून मी शिंकणारसुद्धा खर्जात.

स्वरभान | मंगळवार, सकाळी ७.०५

मी स्पीच थेरपिस्ट आहे, त्यामुळे या धाग्यावर मला गप्प बसवणार नाही.

आधी त्या 'ही बाई कोण'बद्दल. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोचतो. एक हवेतून कानात, दुसरी कवटीच्या हाडांतून थेट आत. हाडांच्या वाटेने खालचे सूर जास्त पोचतात. रेकॉर्डिंगमध्ये ही दुसरी वाट नसते. म्हणून रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज जवळजवळ प्रत्येकाला पातळ आणि परका वाटतो. तुमच्या साहेबांनी स्वतःचा ऐकला तर त्यांनाही वाटेल.

पट्टी म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात तो आकडा. नेहमीच्या बोलण्यात प्रौढ पुरुषांमध्ये तो साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ असतो, बायकांमध्ये १६५ ते २५५. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात. तानपुऱ्याची खर्जाची तार जाड असते, तेच कारण. म्हणजे हा आकडा मुख्यतः शरीराच्या मापाचा आहे. चपलेच्या नंबरासारखा.

पण लोक 'आवाज खाली आण' म्हणतात तेव्हा तीन-चार वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. पट्टी एक. जोर दुसरा. घुमारा तिसरा, म्हणजे घसा आणि तोंड यांच्या पोकळीत आवाज किती भरून येतो ते. त्याच पट्टीतला आवाज घुमारा असला की भरीव वाटतो, नसला की पिचका. आणि चौथा ताण. माणूस बिचकला की स्वरयंत्राचे स्नायू आवळले जातात, स्वरतंतू ताणले जातात आणि पट्टी आपोआप चढते. घरी २१० वर बोलणारी बाई बैठकीत २४० वर जाऊ शकते. हे वरचे ३० तिचे नाहीत, त्या खोलीचे आहेत. उतरवायचे असतील तर तेवढेच उतरवा.

आपला मूळ सूर कुठला हे ओळखायची एक सोपी युक्ती: कोणी काही सांगत असताना आपण तोंड मिटूनच "हं… हं" करतो ना, सहज, न ठरवता? तो सूर साधारण तुमच्या घरचा. त्याच्या खाली मुद्दाम जाऊन दिवसभर बोलायला लागलात तर माझ्याकडे यावं लागेल. आवाज बसतो, घसा दुखतो, संध्याकाळी शब्द फुटत नाही. याला बोगार्ट-बकॉल सिंड्रोम असं नाव आहे, खर्जातल्या आवाजासाठी गाजलेल्या नट-नटीच्या जोडीवरून. हौसेने आवाज उतरवलेले लोक त्यात हटकून सापडतात.

रानवारा | मंगळवार, सकाळी ९.४०

मला या सगळ्या चर्चेचाच राग येतोय. तुमच्यावर नाही, मुक्तछंदी.

आवाज उंच असला की 'किंचाळते'. उतरवला की 'पुरुषी'. हळू बोललं की 'आत्मविश्वास नाही', जोरात बोललं की 'आक्रस्ताळी'. मी हे चारही शेरे ऐकले आहेत, आणि दोन तर एकाच माणसाकडून. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी शिकवणी लावून आवाज उतरवला, त्याचं अजून कौतुक होतं. पण त्यांच्या आधीच्या एका तरी पुरुष पंतप्रधानाला 'तुम्ही फार खर्जात बोलता, जरा माणसात या' असं कोणी सांगितलं असेल का?

आणि खाली उतरणंसुद्धा सरळ नाही. पट्टीच्या अगदी तळाशी गेलं की आवाज जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकरतो. इंग्रजीत याला व्होकल फ्राय म्हणतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा करकरणारा आवाज ऐकणाऱ्यांना कमी सक्षम, कमी भरवशाचा आणि नोकरी देण्यालायक कमी वाटला. बायकांच्या बाबतीत हा फटका जास्त होता. म्हणजे खाली या, पण आम्ही सांगू तितक्याच.

मुक्तछंदी, माझं स्पष्ट मत: बदलू नका. त्यांच्या कानांची सवय त्यांना बदलू दे.

कोरीपाटी | मंगळवार, दुपारी १.१५

दुसऱ्या टोकाकडून लिहितो. मी पुरुष आहे आणि माझा आवाज बारीक आहे. फोनवर समोरचा माणूस दहातल्या आठ वेळा 'मॅडम' म्हणतो. आधी दुरुस्त करायचो, आता 'बोला' म्हणतो आणि काम उरकतो.

मी शिकवतो. पहिल्या वर्षी वर्ग आवरायला ओरडायचो. ओरडलं की आवाज आणखी चढायचा, मागच्या बाकावरून कोणीतरी नक्कल करायचं, आणि पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजा. एकदा घसा पूर्ण बसला होता, सुट्टीही मिळेना. त्या दिवशी जवळजवळ कुजबुजत शिकवलं. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. पुढची मुलं मागच्यांना गप्प करत होती, कारण ऐकू येईना.

तेव्हापासून ओरडणं बंद. आता गोंधळ झाला की बोलता बोलता थांबतो. वाक्याच्या मधेच. खडू हातात, तोंड वर्गाकडे. पहिले काही महिने ते पाच सेकंद काढणं माझ्या जिवावर यायचं, आता येत नाही. आवाज आजही बारीकच आहे.

स्वरभान | मंगळवार, दुपारी १.५०

कोरीपाटी, हे छान सांगितलंत. ओरडताना पट्टी चढते ती तुमची चूक नाही. जोर वाढवायला फुफ्फुसांतून हवा जास्त दाबाने सोडावी लागते आणि त्या दाबाने पट्टीही वर ढकलली जाते. गोंगाटात तर माणूस नकळतच आवाज चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. ज्यांना 'बैठकीत माझा आवाज चिरका होतो' असं वाटतं त्यांनी आधी एसी आणि पंखा किती आवाज करतात ते पाहावं.

'मॅडम'बद्दल एक गंमत. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा. म्हणजे पुरुषाचा १२० चा मूळ सूर तारेतून जायचाच नाही. आणि बाईचा २१० चाही नाही. तरी आपण दोन्ही ओळखायचो, कारण वरच्या सुरांच्या अंतरावरून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. फोनवरचा साहेबांचा खर्ज तुमच्याच डोक्यात तयार होत होता.

जुनाजाणता | मंगळवार, सायंकाळी ६.३०

हा ध्यास फार जुना आहे मंडळी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोममध्ये गायस ग्रॅकस नावाचा पुढारी होता. तो भाषणाला उभा राहिला की मागे एक सेवक उभा राही, हातात छोटी पिपाणी घेऊन. मालक तापला, आवाज चिरकायला लागला की हा हळूच सूर देई आणि ग्रॅकस पुन्हा खाली येई. प्लुटार्कने हे लिहून ठेवलं आहे, सिसेरोनेही. तुमच्या साहेबांना विचारा, सेवकाचा पगार कोणत्या खात्यातून देणार.

दुसरं, लिंकन. त्याचा तो दगडी पुतळा पाहिला की आपल्या मनात आपोआप खर्ज वाजतो. पण ज्यांनी त्याला प्रत्यक्ष ऐकलं त्यांनी त्याचा आवाज उंच, पातळ, चिरका असा वर्णिला आहे. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा हाच आवाज जमावाच्या टोकापर्यंत पोचायचा. माझा आपला तर्क असा की खर्जाची चलती मायक्रोफोनने आणली. त्याच्या आधी लांब पोचणं महत्त्वाचं होतं. मायक्रोफोन आल्यावर कानाशी बोलल्यासारखं वाटणं महत्त्वाचं झालं. आणि लगेच बायकांची पंचाईत सुरू. बीबीसीने १९३३ मध्ये शीला बॉरेट यांना रेडिओवर निवेदक म्हणून आणलं, तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी त्यांना त्या कामावरून काढलं.

गांधीजींचं १९३१ चं लंडनमधलं ध्वनिमुद्रण मिळालं तर ऐका. आवाज बारीक, चढउतार जवळजवळ नाही. मोठ्या पुढाऱ्याचा आवाज म्हणून कोणी निवडला नसता.

पल्लवित | मंगळवार, रात्री ८.१०

आमच्या एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की बोलण्याचा परिणाम फक्त ७ टक्के शब्दांमुळे होतो, ३८ टक्के आवाजामुळे आणि ५५ टक्के देहबोलीमुळे. मग आवाजावर काम करणंच शहाणपणाचं नाही का?

अर्धविराम | मंगळवार, रात्री ८.४५

पल्लवित, तो आकडा प्रत्येक प्रशिक्षणात असतो आणि प्रत्येक वेळी चुकीचा लावलेला असतो. अल्बर्ट मेहरेबियन यांचे १९६७ चे दोन छोटे प्रयोग आहेत. त्यात सुटे शब्द ऐकवले होते आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द गोड आणि सूर कडू असेल तर लोक सुरावर विश्वास ठेवतात, इतकंच त्यातून निघतं. अहवाल वाचून दाखवताना ९३ टक्के अर्थ हवेत असतो, असं नाही. तसं असतं तर परक्या भाषेतलं भाषणही आपल्याला जवळजवळ पूर्ण कळलं असतं.

रानवारा, थॅचर यांचा विषय काढलात म्हणून. त्यांचा आवाज सुमारे ४६ हर्ट्झने उतरला असं सांगितलं जातं. २०० च्या आसपासच्या आवाजातून ४६ काढणं म्हणजे शुद्ध गंधारावरून षड्जावर येण्यापेक्षाही थोडं जास्त. गाणाऱ्यांना विचारा, रोजच्या बोलण्यात एवढं उतरून राहणं सोपं नाही.

पण खरी मजा पुढे आहे. मुलाखतींमध्ये थॅचर यांना मुलाखतकार सारखे मधे तोडायचे. का, हे जेफ्री बीटी आणि सहकाऱ्यांनी तपासलं आणि १९८२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं. आवाज एकूण किती उंच, यात उत्तर नव्हतं. त्या वाक्य पूर्ण होण्याआधीच, मधल्याच एखाद्या टप्प्यावर, आवाज झपकन खाली सोडायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, संपलं. तो सुरू व्हायचा, आणि बाईंचं तर अजून चाललेलं असायचं.

याला जोडून आणखी एक. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ. उत्तर जुळवायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा आपलं वाक्य संपायची वाट पाहतच नाही, ते कधी संपेल याचा अंदाज बांधून आधीच तयारीत बसतो. त्या अंदाजासाठी तो सूरही ऐकत असतो. मुक्तछंदी, तुम्हाला बैठकीत मधे तोडतात का?

मुक्तछंदी | मंगळवार, रात्री ९.०२

सारखं. मला वाटायचं तो त्यांचा स्वभाव आहे.

पडद्यामागे | मंगळवार, रात्री ११.४८

नाटकाच्या तालमी घेण्यात माझी हयात गेली. अर्धविराम यांचं वाचलं आणि उठून बसलो, कारण हेच मी नव्या नटांना पहिल्या दिवशी सांगतो, फक्त 'नेचर'मध्ये छापायचं सुचलं नाही.

नवा नट वाक्याची सुरुवात दणक्यात करतो आणि शेवट खातो. श्वास पुरत नाही, किंवा पुढच्या वाक्याची घाई असते. इंग्रजीत हे एक वेळ खपेल, मराठीत खपत नाही. कारण आपल्या वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी. होकार-नकार शेवटी. 'हे काम या आठवड्यात आपण पूर्ण करणार' इथपर्यंत ऐकलं तर काय कळलं? पुढे 'आहोत' आहे की 'नाही' आहे? 'मी ते मान्य केलं' की 'केलं नाही' की 'केलं नसतं'? मराठीत निर्णय शेवटच्या दोन शब्दांत राहतो, आणि आपण नेमके तेच दोन शब्द पुटपुटतो. मग लोक म्हणतात, हिला ठामपणे बोलता येत नाही. ठामपणा होता हो, तो श्वासाबरोबर संपला.

आणि शेपट्या. 'हे करूया, ना?' 'मला वाटतं की बहुतेक आपण जरा…' 'म्हणजे, असं आपलं मला वाटतं.' वाक्य संपलेलं असतं आणि आपण त्याला मागून धरून ठेवतो. 'ना' वर सूर वर जातो, म्हणजे विधानाचा प्रश्न होतो, आणि प्रश्न केला की समोरचा उत्तर देणारच. त्याला मधे तोडणं कसं म्हणणार, आपणच बोलावलं त्याला.

माझा उपाय जुनाट आहे. कागदावर चार वाक्यं लिहा. प्रत्येकातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. मग मोठ्याने वाचा आणि रेघेपर्यंत श्वास शिल्लक ठेवा. शिल्लक राहत नसेल तर वाक्य लांब आहे, कापा. रेघेवर आवाज चढवायचा नाही, दाबायचाही नाही. फक्त तो शब्द पुरता उच्चारायचा, ओठ मिटायचे आणि शेवटच्या रांगेकडे बघायचं. शेवटच्या रांगेतला माणूस हलला नाही तर पोचलं.

पट्टीचं म्हणाल तर मी काळी चारच्याही वर बोलणाऱ्या नटीकडून राणी करून घेतली आहे आणि ढोल्या आवाजाच्या नटाला तीन तालमींत बदलून टाकलं आहे. तो प्रत्येक वाक्य एकाच सुरात म्हणायचा. पाच मिनिटं भारदस्त वाटायचं, सहाव्या मिनिटाला झोप.

कोरीपाटी | बुधवार, सकाळी ६.५५

'निर्णय शेवटच्या दोन शब्दांत राहतो.' हे वर्गात सांगणार आहे. परवानगी गृहीत धरतो.

रानवारा | बुधवार, सकाळी १०.२०

पडद्यामागे यांचं म्हणणं पटलं, पण मुद्दा तसाच राहतो. पुरुष शेपट्या लावतात तेव्हा ते 'सगळ्यांना बरोबर घेऊन जातात'. बाईने 'ना' काढून टाकला की ती 'तोडून बोलते'. मी करून पाहिलं आहे. सहा महिन्यांनी शेरा मिळाला: थोडी मवाळ हो.

अर्धविराम | बुधवार, सकाळी ११.०५

रानवारा, हे खोडायला माझ्याकडे काही नाही. ऐकणाऱ्याची तराजू वाकडी आहे, हे वरचे सगळे प्रयोगच सांगतात. पण सवयी हलतात, अगदी शरीराच्या सवयीसुद्धा. ऑस्ट्रेलियातल्या तरुणींची १९४५ ची जुनी रेकॉर्डिंगं आणि १९९३ ची नवी यांची तुलना केली तेव्हा सरासरी आवाज २२९ वरून २०६ हर्ट्झवर आलेला दिसला. जवळजवळ ५० वर्षांत २३ हर्ट्झ. स्वरतंतू तेच, त्यांच्याकडून कोणत्या आवाजाची अपेक्षा होती ते बदललं.

आणखी एक सांगतो, कारण मूळ प्रश्न नेतृत्वाचा होता. २०१६ मध्ये जोई चेंग आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांचे छोटे गट करून त्यांना एक कोडं सोडवायला दिलं. सुरुवातीच्या काही मिनिटांत ज्यांचा आवाज खाली उतरत गेला, त्यांचं गटात जास्त चाललं. पण त्यांचं चाललं ते दबदब्यामुळे. कौशल्यामुळे ज्यांना मान मिळतो, त्या मानाचा आणि आवाज उतरण्याचा संबंध दिसला नाही. आपल्याकडे 'अधिकार' या एकाच शब्दात दोन्ही आहेत: अधिकार गाजवणं वेगळं आणि एखाद्या विषयात अधिकार असणं वेगळं. साहेबांना यातला कुठला जाणवत नाही, हे विचारायला हवं होतं.

तिरकस | बुधवार, सकाळी ११.०९

विचारा. पण क्रियापदापर्यंत श्वास शिल्लक ठेवून.

मुक्तछंदी | बुधवार, रात्री १०.३७

सगळ्यांचे आभार, खूप शिकले.

आज गेल्या आठवड्यातल्या बैठकीचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. ४५ मिनिटांत मी ३७ वेळा 'ना?' म्हटलं आहे. मोजताना हसू आलं आणि मग नाही आलं. पण त्याहून वाईट हे: मुदत वाढवून मिळणार नाही, हे मी तीनदा सांगितलं आहे आणि तिन्ही वेळा 'नाही' ऐकूच येत नाही. 'ती मुदत आपल्याला वाढवून मिळणार…' आणि पुढे नुसती हवा. आणि मी दोन दिवस चिडून होते की सांगूनही लोक ऐकत नाहीत.

पट्टीला हात लावणार नाही. स्वरभान, तुमच्या 'हं' वर गेले, छान वाटलं, घसा मोकळा. रानवारा, तुमच्या रागातला अर्धा माझाही आहे, तो सोडत नाही. पण निदान माझा नकार तरी लोकांपर्यंत पोचू दे.

मोजायला काही सोपं साधन आहे का?

स्वरभान | गुरुवार, सकाळी ७.१२

'प्राट' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन भाषातज्ज्ञांनी केलेलं आहे, आमच्या क्षेत्रात सगळे वापरतात. रेकॉर्डिंग उघडलं की सुराची रेघ दिसते. सरासरीपेक्षा त्या रेघेचे शेवट बघा.

मुक्तछंदी | तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ९.५०

धागा वर काढतेय.

आज तिमाहीची बैठक होती. चार वाक्यं लिहून, रेघा मारून गेले होते. 'ना?' पूर्ण गेला नाही, पण मैत्रिणीने मोजले तर ९ होते. एकाने मधे तोडलंच. मी कोरीपाटी यांच्यासारखी गप्प उभी राहिले, तो थांबला, मग मी उरलेलं वाक्य क्रियापदासकट पूर्ण केलं. तळहात ओले झाले होते.

बैठकीनंतर साहेब खास थांबले. म्हणाले, "मनावर घेतलंस तर! आवाज बराच खाली आलाय. फरक कळतो."

घरी येऊन दोन्ही रेकॉर्डिंगं प्राटमध्ये टाकली. तेव्हा सरासरी २२१. आज २१९.

पडद्यामागे | शुक्रवार, रात्री १०.१५

शेवटच्या रांगेतला माणूस हलला नाही म्हणायचं.

तिरकस | शुक्रवार, रात्री १०.१८

दोन हर्ट्झ उतरला आहे. सतरा हजार डॉलर मागा.